डाव्या चाकाखालची फळी

पाहुणे चार वाजता येणार होते, म्हणून सिस्टरने साडेतीनलाच बटाटे चिरायला घेतले.

तिला सगळे सिस्टरच म्हणत. वॉर्डातले पेशंट म्हणत ते ठीकच. पण शेजाऱ्यांनी, नवऱ्याच्या मित्रांनी आणि चेष्टेत सुरुवात करून शेवटी सवयीने नवऱ्यानेही तेच लावून धरलं होतं. नवरा फर्निचर करायचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. आणि आठ वर्षांची लेक एका जागी म्हणून ठरत नसे, ती खारू. अशी ही तिघं गेले सहा आठवडे एका जुन्या कॅराव्हॅनमधून फिरत होती. मिस्त्रीने ती भंगाराच्या भावात उचलली होती आणि आतलं सगळं लाकूडकाम स्वतःच्या हाताने केलं होतं. दारासमोर हातभर ओटा, त्यावर दोन शेगड्या, वर भांड्यांचं कपाट आणि मागे डाव्या कोपऱ्यात खिडकीशी एक बाक, रात्री ओढला की पलंग होणारा. खिडकीला पिवळे पडदे. पाठीवर घर घेऊन सावकाश सरकते म्हणून खारूने तिचं नाव ठेवलं होतं गोगलगाय.

गोगलगायीत एक खोड होती. तिचे खालचे टेकू निकामी झाले होते, त्यामुळे पायरीवर कुणी पाय ठेवला की ती होडीसारखी कलायची. पहिल्याच दिवशी मिस्त्री धाडकन आत चढला आणि कढईतलं तेल सिस्टरच्या मनगटावर उडालं. त्या संध्याकाळी त्याने कायदा केला. दारावर तीनदा टकटक करायची, "येऊ का?" विचारायचं आणि आतल्या माणसाने कढई सावरून "ये" म्हटल्याशिवाय पायरीला पाय लावायचा नाही. चार दिवसांत ते अंगवळणी पडलं. इतकं, की टकटक झाली की मान वर न करताच "ये" निघून जायचं. दुसऱ्या मुक्कामावर तर एकदा सिस्टरने "ये" म्हटलं आणि कुणी आलंच नाही. दार उघडून बघते तो मिस्त्री आणि खारू लांब नळावर भांडी घासत होते.

"वाऱ्याने वाजलं असेल," मिस्त्री म्हणाला होता. "वाऱ्यालासुद्धा शिस्त लागली बघ."

मिस्त्रीची दुसरी शिस्त पाणसळीची. सिंकच्या वर त्याने एक छोटी पाणसळ स्क्रूने बसवली होती. प्रत्येक मुक्कामावर आधी तिच्यातला बुडबुडा बघायचा, मग चाकांखाली फळ्या सारायच्या. बुडबुडा बरोबर मधल्या दोन रेघांत आला की मगच चहा. पहिल्या मुक्कामाला फळी लागली नव्हती. पण तिसऱ्या मुक्कामापासून, जमीन कितीही सपाट असो, डाव्या चाकाखाली एक फळी घालावीच लागे. "म्हातारीचा डावा पाय आखूड झालाय," असं म्हणत त्याने स्प्रिंग तपासली, ॲक्सल तपासला. दोन्ही ठणठणीत. आताशा तो तपासतही नसे. थांबलो की आधी डावीकडे फळी.

हा प्रवास हौसेचा कमी आणि सिस्टरसाठी जास्त होता. गेल्या हिवाळ्यात वॉर्ड तुडुंब भरला होता. एका संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ एकटेच दाराशी आले आणि बाहेरूनच, अगदी अदबीने विचारलं, "सिस्टर, येऊ का आत?"

"जागा नाही, बाबा," ती म्हणाली होती. "बाकावर बसा. झाली की सांगते."

खरंच नव्हती जागा. मधे एकदा बाहेर जाऊन तिने अकरा नंबरच्या खाटेवरची जादा हिरवी चादर त्यांच्या खांद्यावर टाकली. ते हसले, सरकून बसले, जणू तिलाच बसायला जागा करत होते. तिला वेळ नव्हता. सात तासांनी ती पुन्हा बाहेर आली तेव्हा ते तसेच बसले होते, चादरीत, डोळे अर्धे उघडे. केव्हाचे गेले होते कुणास ठाऊक. चौकशी झाली. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं असं निघालं. नियमाप्रमाणे खाटा भरल्या होत्या, नियमाप्रमाणे नोंद झाली होती आणि माणूस नियमाप्रमाणे बाकावर बसल्या बसल्या मेला होता! साहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवून "मनाला लावून घेऊ नका" म्हटलं, तेव्हापासून सिस्टरची झोप उडाली. मिस्त्रीने तीन महिने दुकानाला कुलूप लावलं आणि गोगलगाय बाहेर काढली.

आता डोंगरमाथ्यावरच्या या तळ्याकाठी ती तिघं पाच दिवस राहिली होती. हंगाम संपलेला, आसपास दुसरं कुणी नाही. फोनला रेंज मिळायची ती फक्त खाली, घाट उतरल्यावर. शनिवार-रविवारसाठी बुलबुल आणि वकील येणार होते. बुलबुल ही सिस्टरची होस्टेलमधली मैत्रीण. तिच्या तोंडाला खंड नसे म्हणून बुलबुल. वकील हा तिचा नवरा.

चार वाजले, पाच वाजले. तळ्यावरून धुकं उठलं आणि झाडं एकेक करून गिळत आलं. साडेसहाला दोन पिवळे दिवे डुलत डुलत वर आले.

"काय गं, वाट चुकलात की काय?" सिस्टर धावत पुढे गेली.

"धुकं," वकील म्हणाला. "हात दिसत नव्हता."

बुलबुल खाली उतरली. तिने सिस्टरला मिठी मारली आणि जरा जास्तच वेळ सोडली नाही. पण बोलली काहीच नाही.

मिस्त्री गाडीभोवती फिरून आला. "वकील, हा डावा आरसा कुठे ठेवून आलात?"

"फांदी लागली."

"फांदीवर खटला भरा मग."

वकील हसला नाही. एरवी तो कुठल्याही फालतू कोटीवर मांडी थोपटून हसायचा.

पाहुण्यांसाठी मिस्त्रीने गोगलगायीपासून वीसेक पावलांवर शेकोटी पेटवली होती. सगळे तिच्याभोवती बसले. सूप झालं, बटाट्याचे काप झाले. धुकं इतकं दाट की वीस पावलांवरची गोगलगाय दिसेनाशी झाली. दिसत होती ती फक्त तिची पिवळी खिडकी, अधांतरी टांगल्यासारखी. सिस्टर एकटीच बोलत होती. होस्टेलच्या गमती, रेक्टरबाईंच्या नकला. बुलबुल मान हलवायची. तिने बशीतला एकही काप खाल्ला नव्हता.

पाणी संपलं म्हणून सिस्टर जग घेऊन नळाकडे गेली. नळ गोगलगायीच्या पलीकडे. जग भरत असताना तिला मागून आवाज आला.

टक. टक. टक.

"येऊ का?"

पुरुषाचा आवाज, दमलेला. वकिलाला मिस्त्रीने कायदा शिकवला वाटतं, असं तिच्या मनात आलं. मग आतून, हळू आवाजात उत्तर आलं.

"ये."

पायरी करकरली. गोगलगाय कलली. स्प्रिंगचा तो ओळखीचा, लांबलेला आवाज... आणि मग शांत.

सिस्टर जग घेऊन गोगलगायीला वळसा घालून शेकोटीपाशी आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

मिस्त्री लाकूड मोडत होता. वकील हात शेकत होता. बुलबुलच्या मांडीवर डोकं ठेवून खारू पेंगत होती. चौघंही इथेच.

"आत कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? तूच ना," मिस्त्री म्हणाला. "आत्ता 'ये' म्हणालीस."

"मी नळावर होते."

"मग 'येऊ का' विचारलं ते... मला वाटलं, वकील..." मिस्त्रीने वकिलाकडे पाहिलं. वकील तिथेच होता, हे त्याचं त्यालाच कळलं.

"धुक्यात आवाज लांबून येतात," वकील घाईघाईने म्हणाला. "दुसरे कुणी प्रवासी असतील."

"पाच दिवसांत इथे कुत्रं फिरकलं नाही," मिस्त्री उठत म्हणाला.

टॉर्च घेऊन तो पुढे आणि सिस्टर मागे. दार लोटलेलंच होतं. मिस्त्रीने झटक्यात उघडलं. आत कुणी नव्हतं. दिवा जळत होता, पिवळे पडदे स्थिर होते. पण वास होता. सिस्टरने तो आधी ओळखला. ओली माती, पेट्रोल आणि त्याखाली एक लोखंडी, गोडसर वास. तो वास तिने अठरा वर्षं कॅज्युअल्टीत घेतला होता.

"कुणी जखमी आहे इथे," ती पुटपुटली.

मिस्त्री तिच्याकडे बघत नव्हता. तो सिंकच्या वर, पाणसळीकडे बघत होता. आल्या दिवशी फळी घालून दोन रेघांत आणलेला बुडबुडा आता उजवीकडे चढून कडेला टेकला होता. म्हणजे डावी बाजू खाली गेली होती. दोघंही अजून जमिनीवर उभी होती. पायरीला त्यांनी पाय लावलेला नव्हता.

"एका माणसाचं वजन," मिस्त्री हळूच म्हणाला. पन्नासदा बघितलं होतं त्याने. खारू बाकावर बसली तर केसभर, सिस्टर बसली तर एक रेघ. आणि हा एवढा... "चांगला बाप्या माणूस आहे."

"फळी घसरली असेल."

त्याने वाकून टॉर्च मारला. फळी जागच्या जागी होती.

ते दोघं शेकोटीपाशी परत आले. एवढ्यात थंडीने कुडकुडत बुलबुल म्हणाली, "मी जरा आत टेकू का? पाय बधिर झालेत." आणि कुणी काही बोलायच्या आत ती चालायला लागली. सिस्टर तिच्यामागे धावली. बुलबुल सरळ आत चढली, बाकाच्या कोपऱ्यात टेकली आणि चटका बसावा तशी उठली.

"गरम आहे," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "इथे आत्ता कुणीतरी बसलं होतं... ओलं आणि गरम."

तिने हात पुढे केला. तळहात कोरडा होता. पण ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, की सिस्टरने तिचे दोन्ही खांदे धरले.

"बुलबुल. आरसा कशाने तुटला?"

"फांदी..."

"माझ्याकडे बघून सांग."

बुलबुल पायरीवर मटकन बसली. आणि मग तिच्या तोंडाचं कुलूप निघालं. घाट चढताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर, सहाच्या सुमाराला, डाव्या बाजूला काहीतरी आलं. दण्‌कन वाजलं. पांढरं पांढरं खूप काही हवेत उडालं. मला वाटलं, पक्षी. मी म्हटलं थांबव. तो म्हणाला, फांदी आहे. मी मागे वळून पाहिलं, तर नुसतं धुकं. मी पुन्हा म्हटलं थांबव, तो म्हणाला, अगं इथे थांबलो तर मागून येणारा आपल्याला उडवेल. मग मी... मग मी गप्प बसले गं.

वकील धुक्यातून पुढे आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"नक्की काही दिसलेलं नाही," तो म्हणाला. "मुद्दा समजून घ्या. आत्ता तिथे जाणं म्हणजे आपणच कबूल करणं की..."

"मुद्दा एवढाच आहे," सिस्टर म्हणाली, "की साडेआठ वाजलेत. अडीच तास झालेत. माणूस असेल तर अजून जिवंत असू शकतो. मिस्त्री, गाडी काढ."

"सिस्टर, उजाडू द्या. या धुक्यात आपण पाचही जण दरीत जाऊ."

"तुम्ही थांबा हवं तर. गोगलगायीत बसा, उबेला."

वकिलाने पिवळ्या खिडकीकडे पाहिलं. मग मुकाट्याने मिस्त्रीच्या गाडीत जाऊन बसला.

मिस्त्रीने कॅराव्हॅन ओढायची मोठी गाडी काढली. खारूला एकटीला ठेवणं शक्यच नव्हतं. तिला चादरीत गुंडाळून बुलबुलने मांडीवर घेतलं. मिस्त्री चालण्याच्या वेगाने गाडी उतरवत होता. दिव्यांचा उजेड चार हातांवर भिंतीला थडकून परत येत होता. सगळे वळणं मोजत चालले होते. वरून पहिलं. दुसरं... पाचवं. सिस्टरच्या मनात एकच गोष्ट घण घालत होती: बाकावर बसा. झाली की सांगते. सात तास. या वेळी नाही. या वेळी नाही.

सहाव्या वळणावर खारू म्हणाली, "आई, कागद."

रस्त्याच्या कडेला, गवतावर, झुडपांच्या काट्यांवर पांढरे लिफाफे अडकले होते. दहा, वीस, पन्नास. धुक्यात ते खरंच पंख मिटून बसलेल्या पक्ष्यांसारखे दिसत होते. प्रत्येकावर कुणाचा ना कुणाचा पत्ता.

"पोस्टमन," मिस्त्री म्हणाला.

लिफाफ्यांची रांग कठड्याच्या फटीतून खाली गेली होती. सिस्टर बसून, घसरत, मुळं धरत उतरली. मिस्त्री दोर कमरेला बांधून मागोमाग. दोन पुरुष खोलीवर मोटरसायकल झाडाला अडकली होती. पेट्रोल ठिबकत होतं. ओली माती, पेट्रोल आणि तो वास. तोच वास, तसाच.

तिशीतला माणूस होता. मांडीचं हाड मोडलेलं, कपाळ फुटलेलं. सिस्टरने मानेला बोटं लावली. नाडी होती. बारीक, पण होती. तिला रडू फुटलं, ते गिळून तिने मिस्त्रीला फळी मागितली. चाकाखाली घालायच्या जास्तीच्या फळ्या गाडीतच असत. वकिलाने एक दोराने खाली सोडली. तिच्यावर बांधून त्याला वर घेतलं.

गाडीपाशी येऊन वकील थबकला. "सहा जण. त्यात हा आडवा. जागा नाही गाडीत. आपण खाली जाऊन ॲम्ब्युलन्स..."

"काय म्हणालात?"

तिच्या आवाजाने मिस्त्रीसुद्धा दचकला. चौकशीच्या दिवशीही ती अशी बोलली नव्हती. तेव्हा बोलायला हवं होतं.

"जागा नाही हे वाक्य माझ्यासमोर परत काढायचं नाही. जागा होते. माणसं सरकली की होते. सरका!"

वकील सामानाच्या जागेत, दोराच्या वेटोळ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. पोस्टमन मागच्या सीटवर आडवा, डोकं सिस्टरच्या मांडीवर. गाडी घाट उतरायला लागली.

अर्ध्या वाटेत त्याने डोळे उघडले. सिस्टरने त्याच्या ओठांना पाणी लावलं.

"बोलू नका. पोचतोच आहोत."

"मघाशी... तुमच्याकडेच होतो ना," तो म्हणाला. शब्द सुटे सुटे येत होते. "पिवळे पडदे..."

पुढे बुलबुलने खारूचे कान झाकले.

"कुठे होतात?" सिस्टरने विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

"खूप थंडी वाजत होती. उजेड दिसला. टकटक केली... आमची सवयच ती." तो किंचित हसला. "आतून 'ये' म्हणाले, म्हणून आलो. नाहीतर नसतो आलो... तसं कुणाच्या घरात..."

"कोण म्हणालं?"

"आजोबा. बाकावर बसले होते. सरकून जागा दिली मला." त्याचे डोळे मिटत होते. "अर्धी चादर दिली. हिरवी होती. कोपऱ्यावर लाल दोऱ्याने... अकरा... म्हणाले, बस इथेच. सिस्टर येईल. जरा उशीर करते, पण येते..."

सिस्टरचा हात त्याच्या कपाळावर होता, तो तिथेच राहिला. बाहेर वळणं येत होती, जात होती. आरशात मिस्त्रीचे डोळे तिला दिसले आणि त्याने ते पटकन रस्त्यावर वळवले. चादरीचा रंग त्याला माहीत होता. नंबर मात्र तिने आजवर कुणालाच सांगितला नव्हता. नवऱ्यालाही नाही.

दवाखान्यात पोस्टमनला लगेच आत घेतलं. तासाभराने तिथली डॉक्टर बाहेर आली. वाचेल, म्हणाली. पाय वाचेल की नाही, ते उद्या कळेल. मग जराशी घुटमळली.

"तुम्ही स्वतः सिस्टर आहात म्हणून विचारते. एवढ्या थंडीत चार तास, एवढं रक्त गेलेलं. अंग बर्फ व्हायला हवं होतं. होतं कोमट. खांदे तर चक्क गरम. तुम्ही त्याला कशात गुंडाळलं होतं?"

"आम्ही नाही गुंडाळलं," सिस्टर म्हणाली.

बुलबुलने वकिलाच्या हातात कागद आणि पेन दिलं. "आता लिही. फांदी नको लिहूस." तो तिच्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून लिहायला लागला. जबाब नोंदवायला पोलीस यायचे होते, म्हणून दोघं तिथेच थांबली. निरोप घेताना बुलबुलने सिस्टरचा हात घट्ट दाबला.

गोगलगायीपाशी तिघं परत पोचली तेव्हा उजाडत होतं. धुकं विरळ झालं होतं. शेकोटीची राख, उलटी पडलेली बशी, आणि गवतावर एकटीच उभी असलेली गोगलगाय. जाताना दिवा तसाच राहिला होता. पिवळी खिडकी अजून उजळलेली होती.

मिस्त्रीने गाडी बंद केली, पण उतरला नाही.

"दुसरा मुक्काम," तो समोर बघत म्हणाला. "टकटक झाली होती. तू 'ये' म्हणालीस, आणि कुणी आलं नव्हतं. आठवतं?"

"आठवतं."

"तिसऱ्यापासून फळी लागायला लागली."

सिस्टरने पिवळ्या खिडकीकडे पाहिलं. घर म्हणून त्यांच्याजवळ आता तेवढंच होतं. अंथरूण त्यात, लेकीची वह्या-पुस्तकं त्यात. शहरातल्या घराच्या किल्ल्यासुद्धा आत, सिंकखालच्या खणात. ती खाली उतरली आणि ओल्या गवतातून दारापर्यंत गेली. हात सवयीने वर उचलला, आणि दाराच्या वीतभर अलीकडे थांबला.

बाबांना विचारायचं तरी काय होतं तिला? माफ केलंत का? की, जाता का आता? कुठल्याही एका प्रश्नाला आतून उत्तर आलं तर...

"आई, झोप आलीये," खारू मागून आली, आईच्या काखेखालून पुढे घुसली, आणि कुणी अडवायच्या आत तिने दारावर मूठ आपटली. टक, टक, टक.

"येऊ का?"

मिस्त्री गाडीतून अर्धा उतरून तसाच थिजला. सिस्टरने खारूला मागे ओढून पोटाशी धरलं. तळ्यावर कुठे पाखरू बोलत नव्हतं. आतून आवाज आला नाही. "ये" नाही, काहीच नाही. सिस्टरने कोंडलेला श्वास सोडला.

आणि गोगलगाय हलली.

अगदी थोडी. बाकावर बसलेल्या माणसाने दुसऱ्यासाठी जरा बाजूला व्हावं, तेवढीच. स्प्रिंग लांबलचक कण्हली आणि थांबली. मग पुन्हा एकदा, आणखी जरा आत. पुन्हा थांबली.

मग तिसऱ्यांदा.

सिस्टरने मोजलं. तिघांपुरती जागा झाली होती.